चित्र, मूर्ती आणि ड्यूररचे उत्तर

धार्मिक चित्र श्रद्धेला आधार देते की तिची वाट चुकवते, हा ख्रिस्ती धर्मातला फार जुना वाद आहे. इसवी सन 600च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनस यांनी आपल्या चर्चमधील चित्रे फोडून टाकली. तेव्हा पोप पहिले ग्रेगरी यांनी त्यांना कळवले, की चित्रांची पूजा थांबवलीत ते योग्यच झाले, पण चित्रे फोडायला नको होती; ज्यांना अक्षर येत नाही ते चित्रांवरूनच धर्म वाचतात. पुढे नऊ शतकांनी हाच वाद पुन्हा पेटला. 1522मध्ये व्हिटेनबर्गमध्ये धर्मसुधारक कार्लश्टाटने चित्रे हटवण्याची मागणी केली आणि 1524मध्ये झुरिकमधील चर्चमधून ती काढलीही गेली. या नव्या वादात चित्रांचे बहुतेक कैवारी आणि विरोधक एक गोष्ट गृहीत धरून चालले होते : धार्मिक चित्र म्हणजे वेदीवर असणारी आणि भाविकाने जिच्यापुढे गुडघे टेकावेत अशी वस्तू. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने (1471–1528) तांब्यावर कोरलेली चित्रे पाहिली, की हे गृहीतच अपुरे असल्याचे कळते. एखादे चित्र श्रद्धेला घातक आहे की उपकारक, हे ते पाहणाऱ्याकडून काय मागते यावर ठरते. ड्यूररची उत्तम कोरीव चित्रे वंदन मागत नाहीत, आत्मपरीक्षण मागतात.

यातला काही भाग माध्यमाचाच आहे. ड्यूररचे वडील सोनार होते. कोरणी हातात धरण्याचे पहिले शिक्षण त्याला त्यांच्याच दुकानात मिळाले. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा खोदतात, त्यांत शाई भरतात, वरचा भाग पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढतात. एकाच पत्र्यावरून अनेक प्रती निघतात आणि त्यांतली कोणतीही एक 'खरी' आणि बाकीच्या नकला, असे म्हणता येत नाही. यात्रेच्या ठिकाणची मूर्ती मात्र एकमेव असते. तिच्या चमत्काराची कीर्ती त्या एकमेवपणावरच उभी असते. शिवाय 1507 ते 1513 या काळात कोरलेल्या येशूच्या दुःखभोगाच्या मालिकेतले एकेक चित्र जेमतेम तळहाताएवढे आहे. असे चित्र गर्दीत उभे राहून दुरून पाहता येत नाही. ते हातात घ्यावे लागते, उजेडात धरावे लागते आणि एकट्यानेच निरखावे लागते.

पण माध्यमापेक्षा महत्त्वाची आहे ती रचना. सुमारे 1496मध्ये कोरलेले उधळ्या मुलाचे चित्र घ्या. लूकच्या शुभवर्तमानातील या दृष्टांतात वडिलोपार्जित वाटा उडवणारा मुलगा आहे, त्याची चैन आहे, शेवटी बापाने मारलेली मिठी आहे. ड्यूररने यांतले काहीच घेतले नाही. त्याने निवडला तो क्षण सारे उधळून कंगाल झालेला मुलगा डुकरे राखतो तेव्हाचा. जर्मन खेड्यातली उतरत्या छपरांची घरे, खाण्यावर तुटून पडलेली डुकरे आणि त्यांच्यामध्ये गुडघे टेकून हात जोडलेला मुलगा. चित्रात देव नाही, देवदूत नाही, बापही नाही. या चित्राला नमस्कार करायचा तरी कोणाला? गुडघे टेकणारा आधीच चित्रात आहे. पाहणाऱ्याला एकच काम उरते : त्या मुलात स्वतःला ओळखायचे.

1514मधल्या संत जेरोम यांच्या चित्रातही हेच घडते. बायबल लॅटिनमध्ये आणणारे हे संत आपल्या अभ्यासिकेत लिहीत बसले आहेत. खिडकीतून ऊन आत येते, सिंह आणि कुत्रा पेंगत आहेत, भिंतीवर वाळूचे घड्याळ आहे. मेजाच्या कडेला एक छोटासा क्रूस आहे. जेरोम यांच्या मस्तकापासून त्या क्रूसावरून नजर पुढे नेली, तर ती खिडकीतल्या कवटीवर जाऊन पोहोचते. माणसाचे श्रम आणि त्याचा मृत्यू यांच्या मध्ये क्रूस उभा आहे, हा विचार ड्यूरर एकही शब्द न लिहिता मांडतो. पण शोधणाऱ्यालाच तो सापडतो.

यावर पहिला आक्षेप असा, की छापील चित्रांचीही पूजा होतच होती. हे खरे आहे. 1519मध्ये रेगेन्सबर्ग शहरातून ज्यूंना हाकलून त्यांचे सभास्थान पाडले गेले आणि त्या जागी येशूची आई मारिया हिचे प्रार्थनास्थळ उभे राहिले. तिथे लोटलेल्या यात्रेचे, मूर्तीपुढे जमिनीवर लोळणाऱ्या भाविकांचे चित्र मिखाएल ओस्टेनडॉर्फरने लाकडी ठशातून छापले. त्याची एक प्रत ड्यूररकडे होती. 1523मध्ये त्याने तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, की हे पवित्र शास्त्राविरुद्ध उठलेले भूत आहे आणि ऐहिक लाभापायी बिशप त्याला आवर घालत नाहीत. म्हणजे छपाई झाली की चित्र आपोआप निर्दोष होते, असे नाही. पण आयुष्यभर धार्मिक चित्रे काढणाऱ्या माणसानेच हा निषेध नोंदवावा, यातच माझ्या मुद्द्याचा पुरावा आहे. कोणते चित्र माणसाला जागे करते आणि कोणते भुलवते, हा भेद त्याला स्पष्ट दिसत होता. म्हणूनच 1525मध्ये भूमितीवरच्या आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्याने चित्रांची बाजूही घेतली : कमरेला शस्त्र आहे म्हणून सज्जन माणूस खुनी होत नाही, तसा चित्रामुळे ख्रिस्ती माणूस अंधश्रद्धेकडे ओढला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चित्राने अखेर बायबलच्या वचनाकडेच न्यायचे असेल, तर वचन पुरेसे नाही का? यावर धर्मसुधारणेचा प्रणेता ल्यूथर यानेच 1525मध्ये उत्तर दिले होते : ख्रिस्ताविषयी ऐकताच माझ्या मनात क्रूसावरच्या माणसाचे रूप उभे राहते, ते मनात असणे पाप नसेल, तर डोळ्यांपुढे असणे पाप कसे? मी यात एवढीच भर घालेन, की उधळ्या मुलाला शुद्ध येते ते दृष्टांतात अर्ध्या वाक्यात उरकते आणि वाचणारा पुढे सरकतो. ड्यूरर त्याला तिथेच थांबवतो. वचन जिथून भरभर निघून जाते, तिथे मुक्काम करायला लावणे हे चित्राचे काम आहे.

या चित्रांचे सामर्थ्य पूजेवर अवलंबून नव्हते, याची साक्ष भारतातही आहे. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री 1580मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोहोचले. अशा भेटींमुळे युरोपातली छापील चित्रे मुघल चित्रकारांच्या हाती आली. 1600च्या सुमारास अबुल हसन या तेरा वर्षांच्या मुलाने ड्यूररच्या 1511च्या क्रूसारोहणाच्या चित्रावरून एक रेखाटन केले. ते आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. त्याने क्रूसावरचा ख्रिस्त घेतला नाही. घेतला तो हात गुंफून शोक करणारा संत जॉन. ख्रिस्ती उपासनेशी संबंध नसलेल्या मुलालाही त्या चित्रातले माणसाचे दुःख भिडले.

म्हणून 'चित्र असावे की नसावे' या प्रश्नावर भांडणे व्यर्थ आहे. प्रत्येक चित्राला विचारावे, की तू मला स्वतःपाशी अडकवतेस की माझ्याच अंतःकरणाकडे परत पाठवतेस? ही कसोटी कोणत्याही धर्माच्या भाविकाने आपल्या देव्हाऱ्यालाही लावून पाहावी. ड्यूररची कोरीव चित्रे तिला उतरतात. रेगेन्सबर्गची यात्रा उतरत नाही.