हिरवं केलं म्हणजे परत केलं?

वरोऱ्याहून चंद्रपूरकडे जाताना काही टेकड्या दिसतात. माथे सपाट, उतार एकसारखे. त्या टेकड्या नाहीत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरून काढलेल्या माती-दगडांचे ढीग आहेत. पावसाळ्यात त्यांतले जुने ढीग हिरवे होतात आणि नवख्याला इथे खाण आहे हे कळतही नाही. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो: हिरवं केलं म्हणजे जमीन परत केली का?

८ जानेवारी २०२० रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं की, खाणपट्टा देतानाच अट घाला. खोदकाम संपल्यावर पट्टेदाराने तिथे पुन्हा गवत वाढवावं आणि जमीन चारा, वनस्पती, प्राणी यांच्या वाढीला योग्य करावी. यात चाऱ्याचा उल्लेख आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. झाडं मोजून अहवालात लिहिता येतात. चारा मात्र कोणीतरी खावा लागतो.

खाणीनंतर निसर्ग पूर्ववत करता येतो, या दाव्याला ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट इलियट यांनी १९८२ च्या 'फेकिंग नेचर' या निबंधात आक्षेप घेतला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मूळ चित्राची हुबेहूब नक्कल केली तरी ते मूळ चित्र होत नाही, कारण एखाद्या गोष्टीचं मूल्य तिच्या उगमातही असतं. अस्पर्श अरण्याबद्दल मला हे पटतं. पण कुरण कधीच अस्पर्श नव्हतं. गुरांनी चरायचं, गावाने काही महिने चराईबंदी पाळायची, गवत कापायचं, यातूनच ते टिकतं. चराई कायमची थांबली तर बऱ्याच ठिकाणी झुडपं माजतात. तेव्हा कुरणाच्या बाबतीत 'हे अस्सल आहे का' यापेक्षा 'हे चालतं का, आणि कोणासाठी' हे विचारायला हवं.

आधी 'चालतं का' ते पाहू. खोदण्यापूर्वी वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवतात. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. सूक्ष्मजीव, बुरशी, गवताचं बी, सगळं हळूहळू कमी होतं. पुन्हा पसरताना अवजड यंत्रांखाली माती घट्ट दाबली जाते, आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. म्हणून सुरुवातीला ओलीत करावंच लागतं. खाणीत साठलेलं पाणी उपसावं लागतंच. ते तपासून, योग्य असेल तर गवताला देण्यात शहाणपण आहे. पण पंप चालू आहे तोवर जवळपास काहीही हिरवं दिसू शकतं. आमच्या धंद्यात डेमोच्या दिवशी कोणीतरी मागे बसून हाताने आकडे भरत असेल, तर त्याला आम्ही चालणारी प्रणाली म्हणत नाही. इथेही कसोटी साधी आहे. पाणी बंद करा, एक उन्हाळा जाऊ द्या, पावसानंतर मारवेल आपापलं फुटतं का पाहा, आणि मग गुरं सोडा. कायम पाणी देऊनच कुरण राखायचं असेल तर तेही चालेल. पण कंपनी गेल्यावर विजेचं बिल कोण भरणार, हे आजच लिहून ठेवा.

आता 'कोणासाठी'. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. गायरान म्हणजे नुसतं गवत नव्हे, तर भूमिहीनालाही शेळी पाळता येईल असा हक्क. खाण वीस-तीस वर्षं चालते. तेवढ्यात गुरं विकली जातात, मुलं कंत्राटी कामाला लागतात, कोणत्या उतारावर गवत आधी वाळतं हे माहीत असलेली माणसं जातात. मग उत्तम कुरण तयार झालं, पण त्याला तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप असेल, तर जमीन दुरुस्त झाली, परत नाही झाली. खड्ड्याच्या भरावाला आपण भरपाई समजून बसतो.

यावर कोणी म्हणेल, सगळं परत येणारच नसेल तर हा खटाटोप कशाला? हा प्रश्न ज्याच्या दारात म्हैस नाही त्यालाच परवडतो. अपुरी दुरुस्तीही करायलाच हवी. धोका दुसराच आहे. 'नंतर नीट करू' हे वाक्य आधी मोडण्याची परवानगी मिळवून देतं. प्रोग्रॅमरना हे पाठ असतं. आम्ही रोज तेच म्हणून काम पुढे ढकलतो. आणि हा लेख ज्या विजेवर लिहिला, तिच्यातही अशाच एखाद्या खाणीचा कोळसा असणार. त्यामुळे बोट फक्त कंपनीकडे दाखवून मला सुटता येत नाही.

म्हणून मला निदान शब्द खरे असावेत असं वाटतं. 'पूर्ववत' म्हणू नये, 'दुरुस्त' म्हणावं. इथे खाण होती हे गावच्या नोंदीत राहू द्यावं. आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला हिरव्या फोटोवर न देता, त्या फाटकाची किल्ली ग्रामसभेकडे गेली आणि पाणी बंद केल्यानंतरच्या पावसाळ्यात गावची गुरं तिथे चरली, यावर द्यावा.