उतारवय आणि देहधर्म

पन्नाशी ओलांडली की माणसाच्या दारी दोन सल्लागार येऊन बसतात. पहिला म्हणतो, ‘आता काय राहिले? देह नाशवंत. त्याचे चोचले कशाला? नाम घ्यावे आणि जे होईल ते होऊ द्यावे.’ दुसरा म्हणतो, ‘जन्मभर खस्ता खाल्ल्यास, आता स्वतःला जप. ओझे उचलू नकोस, उन्हात जाऊ नकोस, स्वस्थ बसून राहा.’ पहिल्याचे बोलणे वैराग्याचे वाटते, दुसऱ्याचे मायेचे. मी दोघांचेही ऐकले आणि दोन्हीकडून फसलो. म्हणून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे.

प्रश्न साधा आहे. ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली, देह क्षणभंगुर आहे असे ज्याच्या कानी रोज पडते, त्याने उतारवयात देहाची निगा राखावी काय? आणि राखली, तर ती देहासक्ती नव्हे काय?

मी अर्नाळ्याचा. आमच्या गावाला एका अंगाने दर्या, दुसऱ्या अंगाने वाड्या. समोर बेटावर जलदुर्ग उभा आहे. १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला. किनाऱ्यावर कोळी बांधवांची वस्ती, आत केळी, भाजीपाला आणि फुलांच्या बागा. पावसाळ्याच्या तोंडावर मासेमारी थांबते, होड्या वाळूवर ओढून शाकारतात. त्या दिवसांत किनाऱ्याने फिरताना एका वृद्ध तांडेलाशी माझे बोलणे झाले. वय झालेले, गळ्यात माळ. आषाढीच्या सुमारास होडी वर असते म्हणून कित्येक वर्षे पायी वारी केलेला माणूस. मी सहज विचारले, “वर्षभर होडी अशीच वर ठेवली तर जास्त वर्षे टिकेल, नाही का?”

तो हसला. म्हणाला, “नाय गुरुजी. लाकडाची होडी पाण्यात असली की फुगते, सांधे बंद राहतात. कोरड्या वाळूवर पडून राहिली की लाकूड वाळतं, फटी पडतात. आणि सांधे न बघता तशीच दर्यात लोटली, तर मग काय, बुडालीच. होडीला दर्याही पाहिजे आन् डागडुजीही पाहिजे.”

मी मान डोलावली, ‘वा!’ म्हटले आणि घरी आलो. चांगले वाक्य ऐकले म्हणजे ते आपल्याला कळले, असा आपला समज असतो. ते मला कळले पुढे, आणि फार महागात कळले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झालो. त्याच वर्षी डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचे सांगितले आणि रोज एक गोळी चालू केली. काही महिने घेतली. दुखत नव्हते, खुपत नव्हते. मनात आले, आपण विठ्ठलाचे दास. गोळीचे दास कशाला व्हायचे? गोळी बंद केली. हे पहिल्या सल्लागाराचे ऐकणे झाले. दुसऱ्याचेही ऐकलेच. शाळेला रोज दोन मैल चालत जाणारा मी, दिवसभर ओटीवर बसून राहू लागलो. विहिरीचे पाणी सून काढी, बाजार मुलगा आणी. मी वर्तमानपत्र वाची. पाय बारीक झाले, जिना चढताना कठड्याला हात जाऊ लागला. मी म्हणे, ‘वय झाले.’

भरीस भर म्हणून एकादशीला पाण्याचा थेंबही न घेण्याचा हट्ट धरला. खरे सांगतो, त्या हट्टात विठ्ठल थोडा आणि लोकांनी ‘गुरुजींचे व्रत कडक’ म्हणावे ही हौस अधिक होती. कार्तिक वद्य एकादशी होती. आमच्या शेजारच्या निर्मळला त्या दिवशी मोठी यात्रा भरते. तिकडे निघायचे म्हणून संध्याकाळी अंगणात उतरलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि तीन महिने मी दुसऱ्याच्या हातावर जगलो.

आमची सून पहाटेच्या गाडीने दादरला फुले आणि भाजी घेऊन जाते. वसई-विरार पट्ट्यातल्या कित्येक बायाबापड्यांचा संसार त्या पहाटेच्या गाड्यांवर चालतो. माझ्या आजारपणात तिचे जाणे बंद झाले. ठरलेली गिऱ्हाइके तुटली. एके रात्री माझे अंथरूण बदलताना ती शांतपणे म्हणाली, “बाबा, उपास तुम्ही केलात, पण तीन महिने उपाशी माझा धंदा राहिला.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. मी रात्रभर जागा होतो. वैराग्य माझे आणि त्याची किंमत मोजली तिने! वाचकहो, ज्या त्यागाचे ओझे आपल्या खांद्यावर येते तो त्याग. ज्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर जाते ती उधारी. माझी उधारी होती, आणि मी तिला व्रताचे नाव दिले होते.

त्यानंतर मी गीतेचा सहावा अध्याय पुन्हा वाचला. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, त्याचप्रमाणे मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सदा जागणाऱ्यालाही नाही, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण ही सर्व मापात असावीत, असा त्याचा भाव. मी हा अध्याय वर्गात शिकविलाही होता. धर्मशास्त्रकारांनी तर पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शास्त्राने दिलेली मोकळीक नाकारून मी शास्त्राहून मोठा व्हायला निघालो होतो.

आपल्या परंपरेकडे पाहिले तरी हेच दिसते. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली, ऐन तारुण्यात, समाधी घेतली. नामदेव महाराज परंपरेने मानल्याप्रमाणे १२७० ते १३५० असे ऐंशी वर्षे जगले. एकाचे आयुष्य लहान आणि दुसऱ्याचे मोठे, म्हणून कोणाची थोरवी उणी-अधिक ठरत नाही. तेव्हा केवळ वर्षे वाढविणे हे ध्येय नव्हेच. परंतु नामदेवांनी लाभलेल्या वर्षांचे काय केले ते पाहावे. उत्तरायुष्यात ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, तेथे राहिले, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. पंढरपूर कोठे, पंजाब कोठे! त्या काळी ही वाट पायांनीच तुडवावी लागे. त्या पायांची उपेक्षा करून हे घडले असते काय?

अलीकडचे पाहा. विष्णुबुवा जोग महाराज (१८६७–१९२०) तालमीत घुमलेले मल्ल होते. आळंदीच्या ज्या वारकरी शिक्षण संस्थेतून कीर्तनकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या, ती त्यांनी १९१७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर काढली. आमच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावरच्या केळवे-माहीमचे सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) हे त्यांचेच शिष्य. वारकरी परंपरेबाहेरचे उदाहरण हवे असेल तर महर्षी कर्व्यांचे घ्यावे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. ज्या वयात मी ओटीवर बसलो, त्या वयात त्यांनी विद्यापीठ उभारले. आणि पुढे १९६२ पर्यंत, एकशेचार वर्षांचे होईतो, ते जगले.

कोणी म्हणेल, ‘हे थोर पुरुष. आम्ही संसारी माणसे.’ खरे आहे. पण आपल्याला नवीन लाभलेली एक गोष्ट विसरू नये. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यू फार होते म्हणून आकडा इतका खाली दिसतो हे खरे, तरी साठी गाठणे हेही अप्रूपच होते. म्हणून तर साठीशांत थाटाने करीत. आज ते आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. आजोबांना न मिळालेली वीस-वीस वर्षे आपल्या पदरात पडली आहेत. त्यांचे करायचे काय, हे त्यांना ठरवावे लागले नव्हते. आपल्याला ठरवावे लागेल.

आता मूळ प्रश्न. निगा कोणती आणि चोचले कोणते, हे ओळखावे कसे? माझ्या अल्पमतीप्रमाणे कसोटी एकच. ज्याने दुसऱ्यावरची आपली मागणी कमी होते ती निगा. ज्याने ती वाढते ते चोचले. रोज तासभर चालणारा म्हातारा देहासक्त दिसेल, पण तो स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जातो. आणि ‘मला देहाची पर्वा नाही’ म्हणणारा उद्या चार माणसांना कामाला लावतो. देहाचा सर्वांत अधिक विचार कोण करतो? ज्याचा देह मोडला तो. निरोगी असताना नामात मन रमते. खुबा मोडल्यावर माझे सारे ध्यान खुब्यातच होते.

या कसोटीने काही गोष्टी मी माझ्यापुरत्या ठरविल्या. त्या सांगतो, ज्याला पटतील त्याने घ्याव्या.

पहिली गोष्ट चालण्याची. आठवड्यात निदान दीडशे मिनिटे जरा दम लागेल असे चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचाही व्यायाम करावा, असे तिचे म्हणणे आहे. वय वाढते तसे स्नायू झिजतात, पण राबविले तर म्हातारपणीही त्यांत बळ येते. तांडेलाने सांगितलेले हेच. मी भिंतीचा आधार घेऊन खुर्चीतून उठबस करू लागलो. आज पाण्याची अर्धी बादली उचलतो. मोठा पराक्रम नव्हे, पण सुनेची एक खेप वाचते.

दुसरी आहाराची. आमच्या किनाऱ्यावर माळ घातली की मासळी सुटते. ते योग्यच, पण मासळीतून शरीराला मिळणारे प्रथिन दुसरीकडून मिळाले पाहिजे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नुसता भात आणि पातळ वरण पुरे नाही. वाल, चवळी, मूग, दूध, शेंगदाणे रोजच्या पानात हवेत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नको; पापड-लोणच्यांतले आणि मासळी खाणाऱ्याने सुकटीतले मीठही त्यातच मोजावे.

तिसरी उपवासाची. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपणच स्वतःला हसून म्हणतो. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे निव्वळ पिठूळ अन्न. मधुमेहाच्या माणसाची साखर त्याने चढते. उलट, इन्सुलिन आणि काही गोळ्या चालू असताना काहीच न खाल्ल्यास साखर एकदम उतरून जिवावर बेतते. तेव्हा अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास करू नये. विठ्ठलाला आपली भूक नको, भाव हवा.

चौथी तपासणीची. किल्ल्याच्या तटात पिंपळाचे रोप उगवते तेव्हा ते दोन पानांचे असते. काही वर्षांनी तेच दगड फोडते. रक्तदाब तसा आहे, मुकाट्याने वाढतो. सरकारी आरोग्य केंद्रांतही तो तपासतात. गोळी दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नये. आणि हातात टाळ आणि गालात तंबाखू, किंवा पहाटे काकड्याआधी मिशेरी, हे तर सुटलेच पाहिजे. याला मी अपवाद ठेवीत नाही.

पाचवी सोबतीची. कान मंदावले की माणूस लाजेने बोलणे टाळतो, मग लोकांत जाणे टाळतो, आणि एकटा पडतो. कानाचे यंत्र लावणे यात कमीपणा नाही. भजनाला जावे. हरिपाठ म्हणताना श्वास लांबतो, पाठांतराने स्मरण जागे राहते, आणि आपण आलो नाही तर ‘का आले नाहीत?’ म्हणून विचारणारी चार माणसे असतात. मला वाटते, हे पाचवे औषध पहिल्या चारींच्या तोडीचे आहे.

शेवटी एक सांगितलेच पाहिजे, नाहीतर हा लेख निर्दय ठरेल. इतके करूनही आजार येतो. नियमाने राहणाऱ्यालाही अर्धांगवायू होतो, कर्करोग होतो. तो त्याचा दोष नव्हे, पाप तर नव्हेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘तू निगा राखली नाहीस’ असे कोणी म्हणू नये. शाकारलेली, रंगविलेली होडीही एखाद्या वादळात फुटते. तेव्हा मनुष्याने दुसऱ्याची सेवा नम्रपणे स्वीकारावी. सेवा करणे पुण्याचे, तसे ती कुरकुर न करता घेणे हेही एक साधनच आहे. तीन महिन्यांत मला ते पुरते साधले नाही.

देह आपला नाही, हे खरेच. पण आपला नाही म्हणून तो टाकून द्यायचा नसतो. शेजाऱ्याची होडी मागून आणली तर आपण ती अधिक जपतो आणि काम झाले की सांधे पाहून परत करतो. ज्याची त्याला द्यायची आहे, ती फुटकी कशी द्यावी?

हल्ली मी पहाटे सुनेबरोबर स्टेशनच्या बसपर्यंत जातो. फुलांची टोपली तीच उचलते. मी पिशवी घेतो. बस गेली की किनाऱ्याने हरिपाठ म्हणत परततो. बस कधी चुकली नाही की ती म्हणते, “बाबा, आज वेळेवर निघालो.” त्या ‘निघालो’मध्ये मी असतो. उतारवयात याहून अधिक काय मागावे?

रामकृष्णहरी.