मुलांचा संयम, मोठ्यांचा शब्द

"आमच्या वेळी बापाने नुसते डोळे वटारले की पोरं गार!" लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका म्हणाले आणि चार माना लगेच हलल्या. समोर एक चिमुरडी जिलबीसाठी लोळण घेत होती. आईबाप अवघडून तिची समजूत काढत होते. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मारू नये, हे सांगायला नको. शाळांपुरतं तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानेच ते बजावलं आहे. मला खुपतं ते निराळंच. धाकाने गप्प झालेलं मूल आणि आतून निवळलेलं मूल वरून सारखंच दिसतं. काकांना तेवढं दिसणं पुरतं. पहिलं मूल धाक देणारा वळला की पुन्हा उसळतं किंवा धाकट्या भावाला चिमटा काढतं.

माँटेसरी पद्धतीत शांततेचा एक खेळ असतो. मुलं स्तब्ध बसतात आणि बाई दुसऱ्या खोलीतून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात, एकेकाचं नाव घेतात. वळवळी पोरंही पाळी येईपर्यंत थांबतात. धाक कुणाचाच नसतो. आपलं नाव येणार, ही खात्री असते.

आत्ता एक खाऊ की थांबून दोन, हा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग पालकांना पाठ झाला आहे. थांबणारं मूल पुढे यशस्वी, हा त्यातला लाडका निष्कर्ष मात्र २०१८च्या मोठ्या पडताळणीत, घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर, बराच विरळ झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला सेलेस्ट किड यांचा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. आधी चित्रकलेचं छान सामान आणून देतो म्हणून ज्यांना फसवलं, ती मुलं खाऊसाठी सरासरी तीन मिनिटं थांबली. ज्यांना शब्दाप्रमाणे सामान मिळालं, ती बारा.

म्हणजे काकांना निम्मे गुण द्यायला हवेत, आणि ते देण्याची माझी मुळीच तयारी नव्हती. ज्या घरात 'नाही' म्हणजे नाहीच आणि 'रविवारी जत्रेला नेतो' म्हणजे नेणारच, तिथलं मूल थांबायला शिकलं असेल. श्रेय मात्र वटारलेल्या डोळ्यांनी लाटलं. आम्ही डोळे वटारणं सोडलं, हे उत्तम. त्याबरोबर शब्द पाळणंही सुटलं. 'पाच मिनिटांत मोबाइल बंद' याची आमची पाच मिनिटं अर्धा तास चालतात. 'रडलास तर मिळणार नाही' म्हणतो आणि लोक बघायला लागले की देऊन टाकतो.

मुलांना राग, हेवा, भीती ओळखायला जरूर शिकवा. पण रडलं की मिळतं, हे मुलाने अनुभवावरून काढलेलं अनुमान अचूक आहे. ते बदलायचं तर आधी आपण त्याला पुरावा बदलून द्यायला हवा.