पटावरचे नाव
येरवड्याच्या डेक्कन कॉलेजला १९३४ साली सरकारी हुकुमाने टाळे लागले, आणि माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितल्यामुळे १९३९ साली तेथे संशोधनसंस्थेच्या रूपाने विद्येची पुनःस्थापना झाली. मधल्या काळात पटावर नावे नव्हती, म्हणून ज्ञानाची ओढही लोपली होती काय? पटावरच्या नावाचा हाच प्रश्न आजही उभा राहतो: ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या व्हिसाला अभ्यासक्रमातील प्रवेश अखंड राखण्याची अट असते, आणि ती मोडल्याबद्दल परवाना रद्द झाला तर आजारपण, घरातील मृत्यू, पैशांची ओढाताण ही सारी कैफियत न्यायाधिकरणापुढे मांडावी लागते. म्हणजे कर्माची नोंद दफ्तरात आणि हेतूची विचारपूस अपिलात! बुद्धाने तर चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म मानले. नियम निष्ठुर असावा, नाहीतर तो वशिल्याची बटीक होतो, हे मला मान्य आहे. परंतु ज्याचा अपिलाचा अर्जच मुदतीनंतर पोहोचला, त्याचा हेतू कोणी तपासायचा?