थांबता येणं

कतारमधल्या अल खोरला उन्हाळ्यात घराबाहेर पाऊल टाकलं की आधी चष्म्यावर धुकं येतं. आत एसीची थंड हवा, बाहेर पहाटे साडेतीनलाही तिशीपार पारा आणि खाडीवरून आलेला दमटपणा. काच पुसून उपयोग नसतो, ती आपली आपण निवळेपर्यंत सायकल धरून अंगणात उभं राहायचं. फजरची अजान नुकतीच होऊन गेलेली असते. मग हळूहळू रस्ता दिसायला लागतो आणि रस्त्याच्या कडेने दोह्याकडे जाणारा सायकलचा मार्गही.

हा मार्ग 2020 साली पूर्ण झाला. 32.869 किलोमीटर, मध्ये कुठेही न तुटणारा. जगातला सर्वांत लांब अखंड सायकलमार्ग म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. चौकाखालून बोगदे काढलेले, त्यामुळे मोटारींशी गाठ पडत नाही. एकदा जाऊन आलं की सहासष्ट किलोमीटर होतात. जाताना उत्तरेकडचा शमाल वारा पाठीला असतो आणि आपण फार तयारीचे आहोत असं वाटायला लागतं. परतताना तोच वारा छातीवर घ्यावा लागतो.

गोव्याची 'आयर्नमॅन 70.3' करायची असं मी ठरवलं ते या मार्गाच्या भरवशावर. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणं, एकूण साडेआठ तासांच्या आत. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. गोव्यात ही शर्यत 2019 साली सुरू झाली. महाराष्ट्रात हे वेड त्याआधीच पोहोचलं होतं. 2015 मध्ये पन्नाशीला टेकलेल्या मिलिंद सोमण यांनी झुरिचची पूर्ण आयर्नमॅन केली, त्याच वर्षी नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी सायकलवरून अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' पूर्ण केली. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी डॉक्टरांनी, पोलिसांनी, प्राध्यापकांनी पहाटेचे गजर लावले. मीही त्यांतलाच. गॅसच्या प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी, वय सेहेचाळीस.

गोव्याचं ऊन मला काय करणार, हा माझा हिशेब होता. कतारच्या ऑगस्टमध्ये सराव करणाऱ्याला नोव्हेंबरचं गोवा म्हणजे गारवाच. या हिशेबात मोठी चूक होती. मी कतारच्या उन्हात राहत नव्हतो, कतारच्या एसीत राहत होतो. बाहेर असायचो ते सूर्य वर यायच्या आत. माणसाचं शरीर उष्णतेला सरावतं, दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. पण त्यासाठी उष्णतेत रोज राबावं लागतं आणि थांबलं की काही आठवड्यांत तो सराव उतरतो. ऑक्टोबर संपताना अल खोरच्या पहाटा सुखद झाल्या होत्या. माझ्या अंगातला उन्हाळा तेव्हाच ओसरला होता.

13 नोव्हेंबर 2022, रविवार. मिरामारच्या वाळूवरून पाण्यात शिरलो. समुद्राचं पाणी कोमट होतं, पोहणं ठरल्यासारखं झालं. सायकल मी जरा जास्तच ओढली. चढ दिसला की पेडलवर उभा राहायचो, कारण अल खोरला चढच नाहीत आणि ते अंगात नवं नवं होतं. धावायला सुरुवात केली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सात-आठ किलोमीटर बरे गेले. दहाव्याच्या पुढे कधीतरी हातावर काटा आला. भर उन्हात थंडी वाजल्यासारखा काटा. मी तो पाहिला, आणि पाहूनही धावत राहिलो.

चौदा किलोमीटर झाले तेव्हा किती उरले याचा हिशेब मनात मांडला. एकवीसमधून चौदा गेले. उत्तर येईना. रोज प्लांटवर दाब आणि तापमानाचे आकडे वाचणारा माणूस मी, आणि ही वजाबाकी सुटेना. पुन्हा केली, पुन्हा अडकलो. पाण्याच्या टेबलापाशी एक कॉलेजातली मुलगी बर्फाच्या बादलीत हात घालून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, जरा बसता का?"

मी बसलो. तिने मानेवर बर्फाचा तुकडा ठेवला आणि दुसऱ्या हाताने कुणाला तरी हाक मारली. वीसेक मिनिटांनी एकवीसमधून चौदा गेले की सात उरतात हे मला कळलं आणि मी पायाला बांधलेली वेळ मोजायची चिप सोडून दिली. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे तीन अक्षरं आहेत: डीएनएफ. पूर्ण केली नाही.

परतलो त्याच आठवड्यात अल खोरचं नाव जगभर झालं. 20 नोव्हेंबरला अल बैत स्टेडियमवर कतार आणि इक्वेडोर यांच्यात विश्वचषकाचा पहिला सामना झाला. तंबूच्या आकाराचं ते स्टेडियम आमच्या घरापासून जवळ. मराठी घरांत त्या दिवसांत गप्पा फुटबॉलच्याच, पण प्रत्येकाने मला विचारलं, "मग, किती वेळ लागला?" सांगितल्यावर क्षणभर शांतता आणि मग, "असू दे, पुढच्या वेळी सोडायचं नाही." लोक प्रेमानेच म्हणत होते. मला मात्र ते 'सोडायचं नाही' टोचत राहिलं, कारण त्या मुलीने मला सोडायला लावलं नसतं तर काय झालं असतं हे मी नंतर एका डॉक्टर मित्राकडून समजून घेतलं होतं.

धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत जी ऊर्जा जळते तिचा साधारण पाव हिस्साच हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा उन्हातला मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घाम नुसता गळून भागत नाही, तो वाळावा लागतो. दमट हवेत तो वाळत नाही. मग आतलं तापमान चढतं, चाळिशीपार गेलं की मेंदू गोंधळतो. म्हणजे ज्या मनाने 'थांब' म्हणायचं तेच मन आधी निकामी होतं. मन खंबीर असलं की शरीर ऐकतं, हे आपल्याकडचं लाडकं वाक्य उन्हात खोटं पडतं. तिथे शरीराचंच मनाने ऐकावं लागतं, तेही वेळेत.

आणि या खेळाची तर सगळी कीर्तीच न थांबण्यावर उभी आहे. 18 फेब्रुवारी 1978 ला हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. जगाला फारसा पत्ता नव्हता. चार वर्षांनी, फेब्रुवारी 1982 मध्ये, ज्युली मॉस ही कॉलेजातली मुलगी महिलांमध्ये पहिल्या क्रमांकावर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, मागून येणारी पुढे निघून गेली आणि ज्युली हातापायांवर रांगत रेषेपर्यंत पोहोचली. ते दृश्य अमेरिकेत टीव्हीवर दिसलं आणि हा खेळ घराघरांत गेला. त्या मुलीच्या धैर्यापुढे मी मान झुकवतो. पण एक दृश्य आदर्श झालं की बाकीची पुसली जातात. त्या पहिल्या पंधरांतले जे तिघे थांबले, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

दुसरं एक दृश्य आमच्या इथलं आहे. सप्टेंबर 2019 मध्ये दोह्यात जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा होती. उष्णतेमुळे महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली होती. तरी अडुसष्ट धावपटूंपैकी अठ्ठावीस जणी अर्ध्यात थांबल्या. या जगातल्या निवडक बायका, आयुष्यभराच्या तयारीने आलेल्या. त्यांना जिद्द नव्हती असं कोण म्हणेल? मला तर त्या रात्रीची खरी समज त्या अठ्ठावीस जणींत दिसते.

'हौस' आणि 'जिद्द' हे दोन्ही शब्द मराठीत आले ते अरबी मुळातून, फारसीच्या वाटेने. इथे राहताना मला त्यांचा वेगळाच विचार करावा लागला. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो. पण या गावात एकेकाळी जिवावर उदार होऊन समुद्रात उतरणारी माणसं होती, आणि त्यांच्या प्रत्येक श्वासाला मोल होतं.

अल खोर हे मोत्यांचं बंदर. उन्हाळ्यातले चार महिने गलबतं दर्यात असायची. बुडी मारणाऱ्याला इथे 'गैस' म्हणत. नाकाला हाडाचा चाप लावायचा, बोटांना चामड्याच्या टोप्या, पायात दगड अडकवून तळाशी जायचं, श्वास टिकेल तेवढ्यात शिंपले टोपलीत भरायचे आणि दोराला हिसका द्यायचा. वर दोर धरून बसलेला 'सैब' त्याला ओढून घेई. गलबताचा प्रमुख 'नौखदा', म्हणजे आपला नाखवा, एकाच फारसी शब्दाची ही दोन लेकरं. ते मोती जायचे कुठे, तर बरेचसे आपल्या मुंबईला. इथल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या तिथे होत्या, इथल्या बाजारात आपला रुपया चालायचा. जपानने मोत्यांची शेती सुरू केली आणि 1930 च्या दशकात हा सगळा धंदा बसला.

त्या बुडी मारणाऱ्याने किती सहन केलं हे सांगताना आजची पर्यटन-पत्रकं त्याला 'वीर' म्हणतात. तो वीर होताच. पण मोसमाच्या आधी घरखर्चासाठी नौखदाकडून घेतलेली उचल त्याच्या डोक्यावर असायची, मोसम संपला तरी ती फिटायची नाही, अनेकदा ते देणं मुलाच्या माथी यायचं. कान फुटले, डोळे गेले तरी पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा गलबतावर. तो थांबत नव्हता कारण त्याला थांबता येत नव्हतं. त्याच्या हाती उरलेली एकच मोकळीक म्हणजे दोराला द्यायचा तो हिसका, आणि सैबचं लक्ष त्यावर असलं तरच तिला अर्थ.

त्या पाण्याच्या टेबलाशी मी दोराला हिसकाही दिला नव्हता. कुणीतरी न सांगता ओढून घेतलं.

पहाटे मी सायकलवर निघतो तेव्हा शेजारच्या रस्त्यावरून कामगारांच्या बसेस जातात. काचेला टेकलेली डोकी दिसतात, नेपाळची, बांगलादेशची, केरळची, बिहारची. मी ज्या उन्हाला टाळून सराव करतो त्या उन्हात ही माणसं लोखंड वाकवतात, मचाण बांधतात. तोच सूर्य, तोच घाम, शरीर तेच. फरक इतकाच की मी पैसे भरून दमतो आणि ते पैशासाठी दमतात. हा फरक लहान नाही. मला वाटेल तेव्हा सायकल कडेला लावून करक चहा पिता येतो. इथे पूर्वी 15 जून ते 31 ऑगस्ट एवढ्याच काळात भर दुपारचं उघड्यावरचं काम बंद असायचं. 2021 मध्ये सरकारने नवा निर्णय काढला: 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन काम बंद. शिवाय तापमान, दमटपणा आणि सूर्याची आच यांचा एकत्रित निर्देशांक 32.1 अंशांच्या वर गेला तर दिवसाच्या कुठल्याही वेळी काम थांबवायचं. आणि त्या निर्णयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, उष्णतेने आपल्या जिवाला धोका आहे असं सबळ कारणाने वाटलं तर कामगाराने स्वतः काम थांबवावं, हा हक्क. कागदावरचा हक्क रोजच्या मजुरीत किती उतरतो ही लढाई मोठी आहे. पण बुडी मारणाऱ्याला जे कधी लिहून मिळालं नाही ते निदान लिहिलं तरी गेलं.

ज्या गोष्टीसाठी कामगारांना इतकी वर्षं वाट पाहावी लागली, ती आपण हौशी माणसं शर्यतीच्या रेषेवर आपणहून टाकून देतो. टी-शर्टवर छापून टाकून देतो. कष्ट स्वतःहून अंगावर घेण्यात नक्कीच काही मोठं आहे. पहाटेचा तो मार्ग, अंगातली ती ताकद, आपण एवढं करू शकतो हे कळणं, यासाठी मी पुन्हा पुन्हा निघेन. पण ते मोठेपण येतं ते ते कष्ट माझ्या खुशीचे असतात म्हणून. आणि खुशी खरी कशावरून? ती मागे घेता येते यावरून. थांबायची मुभाच ज्याने स्वतःला ठेवली नाही त्याची हौस आणि त्या गैसची उचल यांत मला फारसा फरक दिसत नाही, एवढंच की उचल देणारा नौखदा इथे स्वतःच्याच डोक्यात बसलेला असतो.

घरी आलो तेव्हा धाकटीने विचारलं, "बाबा, मेडल?" मी म्हटलं, नाही मिळालं, मी मध्येच थांबलो. तिने विचारलं, "का?" मी तिला वजाबाकीची गोष्ट सांगितली. ती दुसरीत होती, वजाबाक्या चालू होत्या. तिला ती गोष्ट आमच्या ओळखीतल्या सगळ्या मोठ्या माणसांपेक्षा लवकर समजली.

आता मी सरावाला निघतो तेव्हा बायकोला वेळ सांगून जातो, फोन सायकलला बांधलेला असतो आणि सोबत एक माणूस असतोच, बहुधा माझ्याच शिफ्टमधला मल्याळी सहकारी. आम्ही ठरवलं आहे की दर दहा किलोमीटरला एकमेकांना एक साधा हिशेब विचारायचा. उत्तर चुकलं तर तिथेच सावलीला बसायचं आणि कुणी का म्हणून विचारायचं नाही. उन्हाळ्याचं आमचं वेळापत्रकही आता ठरलेलं आहे: 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन या वेळात आम्हीही बाहेर धावत नाही.