श्वासाचे देणे

वचन : स्तोत्रसंहिता 150 : 6



स्तोत्रसंहितेचे शेवटले स्तोत्र काढून पाहा. त्यात शिंग आहे, वीणा आहे, डफ आहे, पावा आहे, झांजा आहेत, नृत्यही आहे. आणि सर्वांच्या शेवटी श्वास घेणाऱ्या प्रत्येकास परमेश्वराच्या स्तवनासाठी हाक मारलेली आहे. त्या हाकेत शिकलेला व अडाणी, शहरचा व डोंगरचा असा भेद नाही. ज्याच्या नाकपुड्यांत श्वास आहे तो निमंत्रित आहे. याचा अर्थ आम्हां जव्हार-मोखाड्याच्या लोकांस समजावा म्हणून दूर जावयास नको. वाळवंडा गावाकडे पाहिले म्हणजे पुरे.

जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे वारली समाजातील तारपावादक. वाडवडिलांपासून त्यांच्या घरी तारपा चालत आला. बालपणीच त्यांनी तो हाती घेतला, आणि वाजविण्याबरोबर तो घडविण्याची विद्याही राखिली. 2026च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येस भारत सरकारने त्यांस पद्मश्री जाहीर केली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. त्यापूर्वी 2011 साली डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांस तोच मान मिळाला होता. वारली चित्रांत तारपा वाजविणाऱ्याभोवती वेटोळे घालून माणसे नाचत असतात. जगाने चित्रातला तारपा आधी पाहिला. त्याचा सूर ओळखावयास जगास अधिक काळ लागला. परंतु मान आला तेव्हा सूर जन्मला असे नव्हे. कोणी ऐको वा न ऐको, तो वाजतच होता.

या गोष्टीतून आम्हांस तीन बोध होतात.

पहिला बोध असा की, श्वास आमचा नव्हे, तो दिलेला आहे. तारपा तो काय? वाळविलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि सांधे बुजविण्यास मेण. ही सर्व सामग्री रानातली व परसातली. बाजारात तिला मोल नाही. खुंटीला टांगलेला तारपा मुका असतो. माणसाने श्वास फुंकिला म्हणजेच तो बोलतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मातीच्या पुतळ्यात श्वास फुंकिला असे आपण वाचितो. ते ध्यानात आणा. आपणही मातीच, जे काही आपल्यातून निघते ते त्या श्वासाचे.

आणखी पाहा. तारप्याचा सूर मध्ये तुटू द्यावयाचा नसतो. म्हणून वाजविणारा गालांत वारा धरून ठेवितो, आणि तो वारा आत सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो. जो केवळ फुंकील व घेणार नाही, तो लवकरच थकेल. प्रचारक बंधूंनो, ही गोष्ट आपणांसाठी आहे. पाड्यापाड्यांतून बोलत फिरणारा मनुष्य जर एकांती प्रार्थनेत काही घेत नसेल, तर त्याचे शब्द कोरडे होतात व लोकांस ते कळते.

दुसरा बोध असा की, जगाने तुच्छ लेखलेल्यांचे गीत देव तुच्छ लेखीत नाही. अमेरिकेत काळ्या लोकांच्या पूर्वजांस गुलाम करून शेतात राबविले; त्यांच्या हातातले सर्व हिरावले गेले, पण श्वास व गीत राहिले. त्याच वंशात 1942 साली अरेथा फ्रँकलिन ही गायिका जन्मली. दहा वर्षांची होण्यापूर्वीच ती आईस अंतरली. तिचे वडील डिट्रॉइट शहरातील एका बाप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. त्या मंदिरातच ती गावयास शिकली, आणि 1956 साली, चौदाव्या वर्षी, तिची गीते तेथेच मुद्रित झाली. पुढे ती लौकिक गाणी गाऊ लागली. त्या गायनास ‘सोल’ म्हणतात; त्याचा अर्थ जीव किंवा आत्मा. 1967 साली तिने गायिलेले ‘रिस्पेक्ट’, म्हणजे ‘आदर’, हे गीत आपला मान मागणाऱ्या लोकांच्या तोंडी बसले. काही भाविक मंडळी कुरकुरली, की ही मंदिर सोडून गेली. मग 1972 साली लॉस एंजेलिसच्या एका मंदिरात दोन रात्री तिने भक्तिगीते गायिली, तेव्हा तिच्या वडिलांनी सर्वांसमक्ष सांगितले की, ती मंडळीपासून कधी दूर गेलीच नव्हती. 2018 साली ती निवर्तली. जो श्वास मंदिरात घेतला तो तिला जन्मभर पुरला.

तिसरा बोध आपल्या मंडळ्यांतील एका प्रश्नाविषयी आहे. कोणी म्हणतात, तारपा जुन्या चालीरीतींतला, तो आपल्या घरात नसावा. हे खरे की, आमचे वारली बांधव तारप्यास देवासमान मानितात. आपण घडविलेल्या वस्तूस देव मानीत नाही. तथापि भोपळा व बांबू कोणी निर्मिले? 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन व कीर्तन प्रभूच्या सेवेस लाविले, आणि मराठी मंडळी त्याने समृद्ध झाली. मग डोंगरातल्या वाद्यासच दार बंद का? निदान शेजाऱ्याच्या वाद्यास हसणे व आपल्या मुलांस आजोबांच्या सुराची लाज धरावयास लाविणे, हे प्रीतीचे लक्षण नव्हे.

खरे भय निराळेच आहे. भात-नागलीची कापणी होते, दिवाळी सरते, आणि घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर वा शहराकडे निघतात. म्हातारा गावात राहतो, नातू भट्टीवर राबतो. शिकविणारा एकीकडे व शिकणारा दुसरीकडे. अशा रीतीने सूर तुटतो, प्रार्थनाही तुटते आणि शाळाही तुटते. नव्वद वर्षांचा श्वास कितीही दीर्घ असला तरी तो एकाचाच आहे. दुसऱ्याने तो वेळीच उचलिला पाहिजे.

म्हणून, बंधुजनहो, मंडळीने काय करावे? स्थलांतरास निघणाऱ्या कुटुंबाचे एखादे मूल मागे राहून शिकू शकेल, तर त्याच्या जेवणाची व निजण्याची सोय करावी. वृद्धांजवळ बसून त्यांची गाणी मुलांकडून म्हणवून घ्यावी. ज्यास गळा आहे त्यास पुढे बसवावे, मग त्याचे वस्त्र फाटके का असेना. ज्याने आपणांस श्वास दिला तो एके दिवशी हिशेब मागेल. त्या दिवशी आपला तारपा खुंटीवर मुका टांगलेला न सापडो. आमेन.