पाहिलें कोणीं?

माकडाचा माणूस झालेला कोणीं पाहिला आहे, हा प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. जानेवारी 2018 मध्यें, तेव्हांच्या औरंगाबादेंत, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनींहि याच अर्थाचें विधान केलें, आणि देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं एकत्र येऊन त्याचा प्रतिवाद केला. असा प्रश्न विचारणारास हंसून वाटेस लावणें सोपें आहे; पण आमच्या मतें प्रश्न विचार करण्याजोगा आहे. जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं तें खरें कशावरून मानावें, ही केवळ प्राणिशास्त्राची अडचण नव्हे. ती रोजच्या व्यवहाराची, किंबहुना न्यायाची आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं अंबरनाथचें शिवालय पाहिलें असेल. तेथील शिलालेखांत शके 982, म्हणजे इ. स. 1060, हा काळ दिलेला आहे. वालधुनीच्या कांठीं उभ्या असलेल्या त्या काळ्या दगडांवरील मूर्ती ऊनपावसानें झिजल्या आहेत. ही झीज होतांना कोणीं पाहिली? जन्मभर तेथें पूजा करणारासहि कालच्या व आजच्या मूर्तींत फरक दिसावयाचा नाहीं. तरी झीज झाली हें कोणी नाकारीत नाहीं. आतां हजार वर्षांत जर मूर्तीचें नाक बोथट होतें, तर ज्या लाव्हारसाचा हा दगड बनला तो वाहिल्यास सुमारें 6 कोटी 60 लाख वर्षें झालीं. तेवढ्या काळांत समोरच्या मलंगगडाच्या डोंगररांगेचें काय काय झालें असेल? आज चाललेलीं लहान कारणेंच अपार काळ चालत राहिलीं कीं मोठीं कार्यें घडतात, हें लायेल या भूगर्भशास्त्रज्ञाचें म्हणणें. आणि 1831 सालीं 'बीगल' जहाजावर चढतांना डार्विनजवळ त्याच्याच ग्रंथाचा पहिला खंड होता.

पुढें 1838 मध्यें माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध त्याच्या वाचनांत आला, आणि जन्म पुष्कळांचा पण निभाव थोड्यांचा, हें सूत्र त्यास सांपडलें. कबूतरें पाळणारांच्या संगतींत राहून निवडीनें जाती कशा पालटतात हेंहि त्यानें पाहिलें. भूगर्भशास्त्राकडून काळ, अर्थशास्त्राकडून टंचाई व कबूतरवाल्यांकडून निवड, अशी ही उसनवारी आहे. तरीहि ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास 1859 साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत तो प्रतिकूल पुरावे शोधीत होता. आपल्या मतास विरुद्ध जाणारी गोष्ट आढळली कीं ती तत्काळ टिपून ठेवावयाची, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षां लौकर विस्मृतींत जातात, असा आपला नियम असल्याचें त्यानें आत्मचरित्रांत सांगितलें आहे. आमच्या मतें शास्त्रीय पद्धतीचें सारें मर्म या एका सवयींत आहे, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाहीं.

ती सवय नसली म्हणजे काय होतें, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत बदलापूरच्या आमच्या वसाहतींत पोटाच्या दुखण्याची सांथ आली. गवळ्याच्या दुधांत कांहींतरी आहे, असें कोणीतरी म्हणालें. दोनच दिवसांत तें सर्वांस सिद्ध वाटूं लागलें, आणि त्याचें दूध बंद झालें. व्यवस्थापक मंडळांत आम्हीहि होतों. आम्हीहि मान डोलावली. पुढें दुसऱ्या मजल्यावरील दहावींतल्या एका मुलीनें दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर घरांची यादी केली: आजारी कोण, दूध कोणाचें, पाणी कोठलें. वसाहतींत इमारती दोन. गवळी एकच, पण पाण्याच्या टाक्या निराळ्या. दुखणें एकाच इमारतींत होतें. शिवाय दूध घरोघर दोन वेळां उकळलें जात होतें. माठांतलें पाणी मात्र कोणीहि उकळीत नव्हतें. टाकी उघडून पाहतां तिच्या भिंतीस तडा गेलेला व शेजारच्या गटाराचा पाझर आंत येत असलेला आढळला. ती टाकी साफ करवून घेण्याचें काम व्यवस्थापक मंडळाचें, म्हणजे आमचेंच होतें.

यांतील कोणतीहि गोष्ट गुप्त नव्हती. दूध आमच्या डोळ्यांदेखत उकळत होतें. शेजारची इमारत धडधाकट होती. पण त्या आमच्या समजुतीस गैरसोयीच्या होत्या, म्हणून आम्हांस त्या दिसल्या नाहींत. पाहणाऱ्या डोळ्यांनींहि आम्हीं पाहिलें नाहीं, आणि न पाहिलेल्या अपराधाबद्दल मात्र एका गरिबास शिक्षा दिली.

महाराष्ट्रांत उत्क्रांतीचा विचार बव्हंशीं स्पेन्सरच्या ग्रंथांतून आला. त्याचे चाहते आगरकर यांनीं 1888 पासून 'सुधारका'तून, स्त्रियांनीं जाकिटें घालावींत कीं नाहीं अशा घरगुती प्रश्नांसहि तर्काची कसोटी लावली, हें त्यांचें मोठेपण. परंतु आपल्यापैकीं अनेकांनीं उचलला तो सिद्धांताचा शेवट, त्याची शिस्त नव्हे. लायक तोच टिकतो, हें वाक्य तर दुबळ्यास लोटून देणारास आयतेंच सांपडलें. सृष्टींत काय घडत आलें हें शास्त्र सांगेल. आपण कसें वागावें याचा निर्णय आपल्यालाच करावा लागतो. मात्र ज्याच्याविषयीं निर्णय करावयाचा, त्याच्या बाजूचा पुरावा आधीं टिपून ठेवणें, एवढें तरी शास्त्राकडून घेतां येईल.

टाकी दुरुस्त झाल्यावर आम्ही गवळ्याकडे गेलों व चूक कबूल केली. त्यानें ऐकून घेतलें आणि दुसऱ्या दिवसापासून दूध घालावयास सुरुवात केली. पूर्वीं मात्र तो आमच्या ओट्यावर घटकाभर बसून चहा घेत असे. त्यानंतर तो कधीं बसला नाहीं.